पोरं उपासनेला येतात, पण उपासनेत नसतात. काय करावं?

नगरी_वास्कोत

जय ख्रिस्त मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, नोकरीपायी वास्कोत येऊन अकरा वर्षं झाली. गोव्यात ख्रिश्चन म्हणजे कोंकणी बोलणारे कॅथलिक हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं आहे की आम्ही मराठी प्रोटेस्टंट म्हटल्यावर शेजारच्या आंटीने सरळ विचारलं होतं, "पूण तुमी मिसाक खंय वतात?" (पण तुम्ही मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, कुठे जाता?) आमची मंडळी छोटी आहे, पन्नास घरंसुद्धा नाहीत, कोणी नगरचं कोणी जालन्याचं कोणी मिरजेकडचं, कोणी बंदरावर कोणी रेल्वेत आणि बाकी सगळे वेर्ण्याच्या कंपन्यांत.

तरुण संघ माझ्याकडे आहे. म्हणजे कोणी घेईना म्हणून माझ्याकडे आहे. १३ ते १९ वयाची सतरा मुलं. दोन वर्षांपूर्वी कमिटीने ठरवलं की पोरं टिकत नाहीत कारण उपासना जुनाट आहे, मग वर्गणी काढून कीबोर्ड आणला, ड्रमपॅड आणलं, प्रोजेक्टर लावला, हिंदी-इंग्लिश वर्शिप गाणी सुरू केली आणि महिन्यातून एक युथ संडे ठेवला. पहिले चार महिने काय ती गर्दी! नंतर हळूहळू परत तेच. कीबोर्ड वाजवणारा मुलगा इंजिनीअरिंगला पुण्याला गेला, आता त्या कीबोर्डवर चादर घातलेली आहे.

मला खरा धक्का गेल्या महिन्यात बसला. उपासना संपल्यावर बाहेर चहा पिताना सहज विचारलं की आज शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला वाचलेला उतारा, कुठला होता. सतरापैकी एकीला आठवत होता, तोही तिनेच वाचला होता म्हणून. बाकीचे तासभर समोर बसून होते हो! उभं राहा म्हटलं की उभे राहतात, बसा म्हटलं की बसतात, प्रभूची प्रार्थना तोंडपाठ आहे, पण सगळं कसं लोकल ट्रेनमध्ये स्टेशनांची नावं ऐकल्यासारखं.

तर प्रश्न असा, की रविवारच्या उपासनेतूनच मुलांची आत्मिक घडण होऊ शकते का? की उपासना मोठ्यांसाठीच असते आणि मुलांसाठी कॅम्प, बायबल क्विझ वगैरे वेगळंच चालवावं? इगर्जीत (कॅथलिक चर्चमध्ये), आमच्यासारख्या चर्चमध्ये कुठेही मुलांसोबत काम केलेल्यांनी लिहा. "प्रार्थना करा" एवढंच उत्तर नको, ती करतोच आहे.

---

साष्टीकार

माझं मराठी कोंकणी वळणाचं आहे, बायको कोल्हापूरची म्हणून जमतं तेवढं, सांभाळून घ्या. आम्ही कॅथलिक पण दुखणं तेच.

मी नऊ वर्षांचा असताना आमच्या गावच्या मेस्ताने मला कॉयरमध्ये घेतलं. मेस्त म्हणजे इगर्जीचा संगीत मास्तर. गोव्यात पोर्तुगीज काळात इगर्जीला जोडून शाळा असायच्या, तिथे दोत्रीन (धर्मशिक्षण) शिकवायचे आणि सोबत स्वर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला पण. हिंदी सिनेमाच्या जुन्या ऑर्केस्ट्रात जे गोंयकार दिसतात त्यातले पुष्कळ ह्याच मुशीतून गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल शिकले, त्यांचे वडील इगर्जीत कॉयरमास्टर होते. तर आमचा मेस्त काही गोड माणूस नव्हता. सूर चुकला की व्हायोलिनचा बो डोक्यात मारायचा (आता कोणी मारेल तर पालक पोलिसात जातील आणि बरोबरच आहे). पण एक गोष्ट त्याने कधी केली नाही, मुलांचा वेगळा कॉयर काढला नाही. चाळीशीच्या बाप्यांच्या मध्ये आम्हाला उभं करायचा. कोरेज्मात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) मोतेत (ख्रिस्ताच्या दुःखभोगाची गीतं) गायचे तेव्हा माझ्या बाजूला पोदेर उभा असायचा, रोज सकाळी दारात पाव टाकणारा तोच माणूस, आणि त्याच्या डोळ्यात पाणी यायचं. मला लॅटिन कळत नव्हतं. पण पोदेर रडतोय म्हणजे इथे काहीतरी खरं आहे एवढं नऊ वर्षांच्या मुलाला कळतं.

दुसरं म्हणजे वाड्यावरची लादाईन. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) लादाईन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, असते, खुरीस रंगवायचा, फुलांच्या माळा करायच्या, मेणबत्त्या लावायच्या, नंतर सगळ्यांना उकडलेले चणे. हे सगळं आम्ही मुलंच करायचो आणि चणे कोण वाटणार ह्यावरून भांडणं. आम्हाला कोणी "सहभागी व्हा" म्हणून सांगितलं नाही, काम होतं म्हणून करायचो. आता खुरसाला लायटिंगवाला येतो, चण्यांच्या जागी केटररकडून पॅटिस येतात, मुलं मोबाईलवर व्हिडिओ काढतात. काढणारच, त्यांना दुसरं करायला ठेवलंयच काय?

पण उगाच जुनं ते सोनं करत नाही. माझ्याबरोबर कॉयरमध्ये असलेल्यांपैकी निम्मे आज फेस्ताला (सणाला) आणि मयतालाच दिसतात. कोनफिर्मासांव म्हणजे दृढीकरण झालं की पोरं इगर्जीतून पास होऊन निघून जातात असं आमचे एक पाद्री म्हणायचे. सूर शिकवला म्हणजे श्रद्धा आली असं नसतं.

---

वसईची_पोर

मी वसईची, लग्न होऊन पर्वरीत. नगरीदादा, तुम्ही स्वतःच उत्तर लिहून गेलात आणि तुमच्या लक्षात नाही आलं. सतरापैकी एकीला पाठ आठवला *कारण तिने वाचला होता*. मग बाकीच्या सोळांना वाचायला का नाही मिळत?

आता भाषेबद्दल. आमचे आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये, पाद्री वेदीकडे तोंड करून, आणि लोक मागे बसून आपापली जपमाळ करत. ४ डिसेंबर १९६३ ला कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज काढला, लोकांनी जाणतेपणी आणि सक्रियपणे भाग घ्यावा हे त्यात पुन्हा पुन्हा येतं, आणि मग लोकांच्या भाषेला दार उघडलं. आमच्या वसईत मराठी आली, गोव्यात कोंकणी. फादर दिब्रिटोंनी सुबोध बायबल केलं ते ह्याच ओढीने, आपल्या माणसांना आपल्या मराठीत कळावं म्हणून. तेच फादर पुढे २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या गावात काय आनंद होता म्हणून सांगू!

पण तुमची मुलं इंग्लिश मीडियमची असणार. घरी मराठी, शाळेत इंग्लिश, खाली खेळायला कोंकणी-हिंदी. त्यांच्यासाठी "नीतिमत्त्व" आणि "प्रायश्चित्त" आजोबांच्या लॅटिनइतकेच लांबचे आहेत. म्हणून उपासना इंग्लिशमध्ये करा असं मी म्हणत नाही. मी दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेते तेव्हा ज्याला वाचायचं आहे त्याला बुधवारीच उतारा देते, शनिवारी संध्याकाळी घरी बोलावते, आणि त्यातला एक शब्द त्याने मला समजावून सांगायचा अशी अट असते. उच्चार मी बघत नाही, तो आपोआप सुधारतो. एका मुलाने "करार" शब्द मला सांगितला, "आंटी भाड्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट असतं ना तसं, पण इथे देव सोडून जात नाही." मी पंचवीस वर्षं सर्मांव (प्रवचन) ऐकतेय, इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं.

---

कडक_काका

मूळचा मिरजेचा, सध्या फोंडा. तुम्ही सगळे फार लाड करता. दारात टोपली ठेवा, मोबाईल त्यात. पहिल्या दोन बाकांवर तरुण, आईबापांनी मागे. दर आठवड्याला एक वचन पाठ, नाही आलं तर पुढच्या रविवारी दोन. आम्ही असंच वाढलो. माझी बायपास झाली तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या बाहेर स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मला २३ वं स्तोत्र आठवलं, कोणतं वर्शिप साँग नाही आठवलं. अर्थ लहानपणी कळला नव्हता, त्या दिवशी कळला. पोटात साठवून ठेवलेलं असेल तरच वेळेला बाहेर येतं. कीबोर्डवर पैसे घालवायचे होते तर आधी छपराची गळती काढायची.

---

नुसती_वाचक

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. वय १९, म्हणजे तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोलताय ती मी. दुसऱ्या गावची, दुसऱ्या चर्चची, पण कीबोर्डवरची चादर आमच्याकडेपण आहे 😄

युथ संडेबद्दल सांगते. त्या दिवशी आम्हाला पुढे उभं करतात, आम्ही दोन गाणी म्हणतो, सगळे मोठे लोक मोबाईल काढून शूट करतात, शेवटी पाळकसाहेब म्हणतात आमचे तरुण म्हणजे उद्याची मंडळी, टाळ्या. पुढच्या रविवारी परत आम्ही मागच्या बाकावर. बाप्तिस्मा माझा झालाय, प्रभुभोजन मी घेते, मग मी उद्याची कशी? आजचीच आहे ना? हे कधी कोणाला बोलून दाखवलं नाही, इथे नाव माहीत नाही कोणाचं म्हणून लिहितेय.

मी कशामुळे टिकले ते विचारलंत तर त्यात गाणं नाही. मी अकरावीत असताना आजी गेली. रात्री आमच्याकडे प्रार्थनेला लोक आले, लाईट गेलेली, जुलैचा पाऊस, आवाज इतका की बोललेलं ऐकू येईना. पाळक अडकले होते, पोचलेच नाहीत. मग आमच्या मंडळीतले एक निवृत्त ड्रायव्हर काका आहेत, कधी स्टेजवर न जाणारे, त्यांनी पुस्तकातली प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, ती लिहिलेलीच, जी मला लहानपणापासून बोअर व्हायची. आणि सगळे म्हणायला लागले. माझ्याकडे स्वतःचे शब्द अजिबात नव्हते, मम्मीकडे पण नव्हते, कोणी मला "तुझ्या मनातलं देवाला सांग" म्हणालं असतं तर मी उठून गेले असते. पण ते शब्द आधीच तयार होते आणि माझ्या तोंडात होते. तेव्हा कळलं की दर रविवारी ते का म्हणून घेतात. कडक काका, तुमच्या स्ट्रेचरचं मला पटलं ते ह्यामुळे. टोपलीचं नाही पटलं. माझा फोन टोपलीत गेला तरी माझं डोकं माझ्याकडेच राहणार ना.

आणि शांतता ठेवा थोडी प्लीज. आमच्या उपासनेत एक मिनिट पण गप्प बसत नाही कोणी, गाणं संपलं की घोषणा, घोषणा संपली की साक्ष, साक्ष संपली की परत गाणं. कॉलेजमध्ये एका मैत्रिणीने फ्रान्समधल्या तेझे नावाच्या मठाचे व्हिडिओ दाखवले. १९४० पासूनचा आहे, तिथे जगभरातून आमच्या वयाची मुलं जातात, जमिनीवर बसतात, दोन ओळींचं गाणं दहा वेळा म्हणतात आणि मग कितीतरी वेळ कोणी काहीच बोलत नाही. ड्रम नाही, लायटिंग नाही. म्हणजे आम्हाला दणदणाटच लागतो हे कोणी ठरवलं?

---

बांद्याचा_पाहुणा

आम्ही सिंधुदुर्गातले कॅथलिक. आमच्याकडून नोव्हेंबर-डिसेंबरात लोक चालत जुन्या गोव्याला जातात, सांव फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला. ३ डिसेंबरचं फेस्त, त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नवेना. बेळगावकडून आणि कारवारकडून पण जथे येतात. आमच्या घरी पाहुणे आलेले एक वारकरी आजोबा हे सगळं बघून म्हणाले, अरे ही तर तुमची वारी! मी गेल्या वर्षी माझ्या पुतण्याला नेला, वय पंधरा, रविवारी मिस्सेला उठवताना घरात युद्ध होतं असा. वाटेत पाय सोलवटले, शिव्या घातल्या, एका अनोळखी बाईने रस्त्यात बसवून पायाला तेल लावून दिलं, आणि बॉम जेझू चर्चच्या बाजूच्या मैदानात पहाटेच्या मिस्सेला हजारो लोकांत उभा राहिला तेव्हा हा पोरगा माझा हात धरून होता. घरी आल्यावर परत रविवारी उठत नाही, ते सांगायला हवं. पण आता विचारतो, काका ह्या वर्षी कधी निघायचं.

अजून एक, तुम्ही मराठीवाले म्हणून. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण गोव्यातलंच, राशोलला १६१६ मध्ये छापलं, रोमन लिपीत पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. त्यात सुरुवातीलाच येतं की नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांनी पाद्रीकडे मागणी केली, आमची पुराणं गेली, आता आम्हाला त्या जागी काहीतरी द्या. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी पण लोकांना नुसती प्रश्नोत्तरांची दोत्रीन पुरत नव्हती, त्यांना गायला आणि ऐकायला काहीतरी हवं होतं. इगर्जीत रविवारी, सणाला ते वाचलं जायचं. आणि तुमच्या प्रोटेस्टंट लोकांत तर ना. वा. टिळकच आहेत, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, भजन, कीर्तन सगळं घेऊन आले. नगर तर त्यांचंच गाव म्हणायचं. घरात एवढं ठेवून तुम्ही प्रोजेक्टरवर ऑस्ट्रेलियाची गाणी लावता? ड्रमपॅड विका आणि टाळ घ्या.

---

नुसती_वाचक

बांदा काका, वारीचं खूप आवडलं. पण टाळ दिले म्हणून आम्ही लगेच भक्त होऊ असं नाही हं. कीबोर्ड गेला टाळ आले, तरी "तरुणांना काय आवडेल" हेच चालू राहिलं तर सहा महिन्यांनी टाळावर चादर. आम्हाला आवडावं म्हणून काही करूच नका. तुम्हाला स्वतःला जे खरंच लागतं, ज्याच्याशिवाय तुमचा रविवार होत नाही, त्यात आम्हाला घ्या. साष्टीकार काकांच्या पोदेरसारखं. आणि ऑस्ट्रेलियाची गाणी चांगली असतात, त्यांना बोलायचं काम नाही 😄

---

साष्टीकार

हिला कोणीतरी सर्मांव द्यायला उभी करा.

---

नगरी_वास्कोत

पाच आठवड्यांनी परत येतोय, माफी. सगळ्यांचं वाचलं, बायकोला पण वाचून दाखवलं. नुसती_वाचकचं वाचून ती बराच वेळ गप्प होती.

काय केलं ते सांगतो. युथ संडे बंद केला. कमिटीत त्यावर दीड तास चर्चा झाली, एका वडीलधाऱ्यांनी तर विचारलं की म्हणजे आता तरुणांसाठी आपण काहीच करायचं नाही का. त्याऐवजी दर रविवारी शास्त्रपाठ एक मोठा माणूस आणि एक मूल अशी जोडी वाचते, आणि वसईताईंची बुधवार-शनिवारची आयडिया जशीच्या तशी उचलली. पहिल्या रविवारी फजिती. मुलगा इतका हळू वाचत होता की तिसऱ्या बाकापलीकडे काही गेलं नाही, त्याच्या जोडीच्या आजींनी माईक आपल्याकडे ओढून उरलेलं स्वतःच वाचून टाकलं. दुसऱ्या रविवारी मुलगी आलीच नाही, फुटबॉलची मॅच. तिसऱ्यांदा जमलं. उपदेशानंतर दोन मिनिटं शांतता ठेवली, त्यात पहिल्यांदा सगळे खोकले, आता कमी खोकतात.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. मध्यस्थीची प्रार्थना दर वेळी मीच करायचो, देशासाठी, पुढाऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, ठरलेली. ती मुलांना लिहायला दिली. चौथ्या रविवारी एका चौदा वर्षांच्या पोराने वहीच्या कागदावर लिहून आणलं आणि वाचलं की हे प्रभू, वेर्ण्याला नाइट शिफ्ट करणाऱ्या सगळ्यांना सकाळी घरी येताना बसमध्ये बसायला जागा मिळू दे. लोक हसले. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. मग प्रतिसादाची ओळ आली, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक", आणि ती म्हणताना माझ्या लक्षात आलं की ह्याचा बाप तिसऱ्या बाकावर बसलाय, सरळ शिफ्टवरून आलेला, कंपनीच्या शर्टातच. तो हसत नव्हता. मान खाली घालून बसला होता आणि त्याची ती ओळ सगळ्यांच्या नंतर, एकट्याची आली.

आता प्रार्थना कोण लिहिणार ह्यावरून तीन मुलांत भांडण आहे, साष्टीकारांच्या चण्यांसारखं. कमिटीने ठराव केलाय की मुलांनी लिहिलेली प्रार्थना आधी मी तपासून द्यावी. मी हो म्हटलंय. तपासणार नाहीये.

आणि बांदा काका, ड्रमपॅड विकलं नाही, पण दोन पोरांनी टिळकांचं एक भजन आजींकडून चालीसकट शिकायला घेतलंय, आपणहून. टाळाची एकच जोड आहे आमच्याकडे. कोणाकडे जास्तीची पडून असेल तर कळवा, येऊन घेऊन जाईन.

---

कडक_काका

एक जोड आहे, माझ्या वडिलांची. फोंड्याला या रविवारी दुपारनंतर. मोबाईल टोपलीत टाकून आत यायचं.